चिटणिसाला कळवलं असल्यास

आमच्या विद्यार्थी मंडळाची घटना मी लिहिली. म्हणजे बोलले मी आणि कागदावर उतरवली माझ्या मैत्रिणीनं, कारण तिचं अक्षर सुंदर आणि माझं म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. त्याच घटनेतल्या एका कलमानं मला मंडळातून काढलं. मंडळातून काढलं म्हणून भोरातल्या खोलीतूनही काढलं. आणि ते कलम कुणा परक्यानं नाही, तिनंच उभं राहून वाचून दाखवलं. आता लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जा. विसरायला ते काय कालवणातलं मीठ आहे?

मी वेल्ह्याकडच्या डोंगरातली. आमच्या वाडीवरून भोरच्या कॉलेजात यायचं म्हणजे आधी पायवाटेनं खाली रस्त्याला लागायचं, एसटी मिळाली तर नसरापूरला उतरायचं आणि तिथून भोरची गाडी धरायची. सकाळचं प्रॅक्टिकल गाठायला आदल्या दिवशीच निघावं लागतं. माझं सायन्सचं शेवटचं वर्ष होतं. वडलांनी आधीच बजावलं होतं, "ऱ्हायाची सोय हाय तवर शीक. सोय मोडली की घरी. पावण्यांचं फोन येत्यात, मला किती दिस टाळता यील?" त्यामुळं ती खोली म्हणजे माझं शिक्षण होतं, आणि हे आमच्या मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

खोली भोरच्या पेठेत, एका म्हाताऱ्या निवृत्त मास्तरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. त्यांनी ती आमच्या मंडळाला लांबून येणाऱ्या मुलींसाठी वापरायला दिली होती. चार खाटा, एक खिडकी, आणि पाणी खालून भरून आणायचं. पण अट होती त्यांची: "मला रोज कुणी येऊन भांडण सांगायचं नाही. कोण राहणार, कोण नाही, ते तुमचं मंडळ ठरवेल, आणि नियमानं ठरवेल." नियमानं म्हणजे घटना हवी. मंडळ तर नुसतं नावाला होतं. किकवीकडचे, आंबवड्याकडचे, भोरातले, आमच्या डोंगरातले, जो येईल तो सभासद. पदं घेणारे गॅदरिंगला फेटे बांधून फोटो काढायचे आणि एरवी तोंड दाखवायचे नाहीत. मला त्याचा भयंकर राग यायचा. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि ती, आम्ही दोघींनी कॉलेजातल्या एका रिकाम्या वर्गात बसून घटना करायला घेतली.

मंडळाला मार्गदर्शक म्हणून एक प्राध्यापक होते. त्यांनी आम्हाला समजावलं की घटना वेगळी आणि पोटनियम वेगळे. मंडळ कशासाठी, सभासद कोण, पदाधिकारी कोण, काढायचं कसं, हे घटनेत. ती बदलायची तर आधी नोटीस काढा, सगळ्यांची सभा बोलवा, दोन तृतीयांश हात वर आले पाहिजेत. पोटनियम म्हणजे रोजचा कारभार: खोलीत किती जणी, पाणी कुणी भरायचं, दार किती वाजता बंद. ते कार्यकारिणीला साध्या बहुमतानं बदलता येतात. "जे सहज हलू नये असं वाटतं ते घटनेत घाला," सर म्हणाले. मला हे इतकं आवडलं की मी घरी गुरं राखतानासुद्धा कलमं पाठ म्हणायची. आई म्हणायची, "पोरीला कायतरी झालंय."

हजेरीचं कलम माझंच. लागोपाठ तीन सभांना जो न कळवता गैरहजर राहील त्याचं सभासदत्व आपोआप रद्द. फेटेवाल्यांचा बंदोबस्त. आणि त्याच्या खाली मी सांगितलं, लिही: आगाऊ चिटणिसाला कळवलं असल्यास गैरहजेरी धरू नये. सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "इथं 'लेखी' शब्द घाला. लेखी कळवलं असल्यास."

मी उसळलेच. "सर, आमच्या वाडीला रेंज नाही, पोस्टमन आठवड्यातून एकदा येतो, लेखी कुठून कळवायचं? आणि लेखी कशाला? आमच्याकडं सावड चालते सर. भाताच्या लावणीला आज सगळे मिळून माझ्या खाचरात, उद्या तुमच्या. कुणी कुणाकडं सही घेत नाही. 'येतो' म्हटलं की माणूस पावसात उभा असतो. तोंडी शब्दावर अख्ख्या खोऱ्याची लावणी होते आणि तुम्ही एका मीटिंगसाठी चिठ्ठी मागताय?"

सर हसले. म्हणाले, "अगं, कुठल्याही संस्थेची घटना अविश्वासावर उभी असते. सगळे चांगले असतील तर ती लागतच नाही." पण माझ्या तोंडाला कोण लागणार? मैत्रीण म्हणाली, "सर, हिचं बरोबर हाय. शब्दाला किंमत नसंल तर कागदाला काय चाटायचंय?" आणि तिनं स्वतः, स्वतःच्या हातानं 'लेखी' शब्द खोडला. असा बारीक, एक रेघ मारून. मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला होता!

पुढं मी आणखी एक घातलं. कळवलं की नाही असा वाद झाला तर चिटणिसाचं म्हणणं ग्राह्य धरावं. कारण चिटणीस ती होणार हे आमचं ठरलंच होतं. मी कुंपण घातलं आणि कुंपणालाच शेत राखायला सांगितलं. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर सर्वसाधारण सभा झाली, सगळे हात वर, घटना बिनविरोध मंजूर. किकवीचा एक मुलगा अध्यक्ष झाला, शांत आणि सरळ, आम्हा मुलींना ताई म्हणणारा. ती चिटणीस झाली. मी काहीच झाले नाही, मला पदाची हौस नव्हती. मला खाट मिळाली, बस.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तिची मावसबहीण धरणाच्या वरच्या गावातली, त्याच वर्षी भोरला शिकायला आली. प्रवेश उशिरा झाला, तोवर चारही खाटा भरलेल्या. मैत्रिणीनं एकदा विचारलं, "पाचवी बसंल का गं? खाली अंथरून टाकंल ती." मी म्हटलं, "चार म्हणजे चार. पोटनियम आहे. मास्तरांना शब्द दिलाय आपण. जागा झाली की पहिली तिलाच." ती म्हणाली, "व्हय, बरोबर हाय." पुन्हा विषय काढला नाही. आजही कुणी विचारलं तर मी चारच म्हणेन. नियम कुणाच्या तोंडाकडं बघून वाकवायचा असेल तर करायचा कशाला?

मग पाऊस सुरू झाला, आणि आमची मे महिन्यातली अक्कल उघडी पडली. आम्ही पंधरवड्याला शनिवारी सभा ठेवली होती. उन्हाळ्यात बसून नियम करताना लावणीची आठवण कुणाला होते? शेतकऱ्याच्या पोरांनी नियम केले आणि शेतच विसरले! पहिल्या सभेला दरड आली म्हणून एसटी बंद, मी वाडीवर अडकले. वरच्या माळावर जाऊन, रेंज शोधून तिला फोन केला. दुसऱ्या सभेच्या आदल्या दिवशी वडील बांधावरून घसरले, पाय मोडला, त्यांना खाली दवाखान्यात न्यावं लागलं. पुन्हा फोन. "काळजी करू नको," ती म्हणाली, "मी हाय न्हवं?"

आणि ती होतीच की! हेच तर दुखतं. वडील खाटेवर, रोपं वर आलेली, आमच्याकडं पाऊस आधी आणि लावणीही आधी. वाडीतली माणसं आपापल्या सावडीत गुंतलेली. तर एका रविवारी ती आणि तिचा भाऊ मोटारसायकलवर आले, डोंगर चढून वर. दिवसभर आमच्या खाचरात वाकून लावणी केली. आईनं नाचणीच्या भाकरी आणि बोंबलाची चटणी केली होती, ती पोटभर जेवली आणि वडलांच्या उशाशी बसून म्हणाली, "बाबा, पायाची घाई करू नका, आमी हाय." जाताना आई म्हणाली, "आता तुमची लावणी आली की सांगा, हिला धाडती. सावड ठेवायची न्हाई अंगावर."

सांगणं आलं. ती भोरला लागून असलेल्या गावातली, त्यांची लावणी उशिरा. कॉलेजातच मला म्हणाली, "आईनं शनवारी लावणी काढलीय. येतीस न्हवं?"

"शनिवारी सभा आहे की गं. माझ्या दोन बुडाल्यात."

"मग? मी हाय की चिटणीस. मला जावंच लागंल, लिहून घ्यायला दुसरं कोण हाय? तू माझ्या जागी आमच्यात जा, मी तुझ्या वतीनं सभेत सांगती. आता मला कळवलंस न्हवं? झालं की मग. नियम तूच केलायस."

आम्ही दोघीही हसलो. मी खरंच हसले हो, तिच्या खांद्यावर थाप मारून.

शनिवारी सकाळीच मी त्यांच्या शेतावर. डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ, चिखल मांडीपर्यंत, इंद्रायणी भाताची रोपं. तिची आई माझ्या शेजारी वाकलेली. "पोरीचा हात लई चालतोय," म्हणाली सगळ्यांना. दुपारी माझ्या ताटात आधी वाढलं. मला 'बाळा' म्हणायची ती. त्या बाईला त्या वेळी काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हा विचार मी इतक्यांदा केलाय की आता मला त्याचा वीट येतो. संध्याकाळी मैत्रीण घरी आली तेव्हा मी हातपाय धुऊन निघायच्या बेतात होते. विचारलं, "सभा झाली?" म्हणाली, "झाली." एवढंच. माझ्या चपला चिखलानं भरल्या होत्या, त्या तिनं घासून दिल्या.

सोमवारी अध्यक्षानं मला कॉलेजच्या पायऱ्यांवर गाठलं. खाली मान घालून उभा. "ताई, वाईट वाटून घिऊ नको. तिसरी सभा बुडली. सभासदत्व गेलं. आन् खोलीचा पोटनियम हाय, फक्त सभासदांना."

मला आधी हसूच आलं. "अरे खुळ्या, मी कळवलंय! तिला विचार. तिच्याच शेतात होते मी."

"ईचारलं सभेत. म्हनली, मला कायच कळवलं न्हाई. तिन्ही टायमाला." मग हळूच म्हणाला, "आन् वाद झाला तर चिटणिसाचं म्हणणं धरायचं, त्योबी नियम तुझाच हाय, ताई."

मी तशीच वर्गापाशी गेले. ती व्हरांड्यात होती. मी ओरडलेच, "काय सांगितलंस तू?" तर ती बाहेर पावसाकडं बघत म्हणते, "तुला म्हणणं मांडायची संधी हाय घटनेत. विशेष सभा होईल. आता प्रकरण सभेपुढं हाय, मला बाहेर बोलता यायचं न्हाई." बघा! भाषा माझीच. मी शिकवलेली, मी घोटून घेतलेली. इतका संताप आला की तिची वेणी धरून ओढावी वाटलं. ओढली नाही, आजही त्याचं वाईट वाटतं.

खोलीतल्या दुसऱ्या मुलीनं सांगितलं तेव्हा बाकीचं कळलं. मैत्रिणीची मावशी, म्हणजे त्या मावसबहिणीची आई, आठवड्यापूर्वीच येऊन खोली बघून गेली होती. कुठली खाट खिडकीशी, तेही विचारून गेली. खिडकीशी माझी खाट होती.

मी तिच्या आईला फोन लावला. म्हटलं, "मावशी, तुम्ही फक्त एवढंच सांगा अध्यक्षाला, की मी तुमच्या पोरीच्या सांगण्यावरून तुमच्या शेतात होते." पलीकडं नुसती भांडी वाजत होती. मग म्हणाली, "बाळा, पोरीपोरींच्या भांडणात आमी मोठ्यांनी काय बोलावं? आन् माझ्या भाचीचीबी सोय व्हायला पायजेच की गं. तू हुशार हायेस, तुझं कुठंबी व्हईल." मी फोन ठेवला. हुशारीवर खाट मिळत नाही, हे तिला सांगायचं राहिलं.

विशेष सभा झाली. गणपूर्ती पुरी झाली, कारण भोरातले आणि भोरजवळचे आले. आमच्या डोंगरातली, मला ओळखणारी, माझ्या वडलांचा मोडलेला पाय डोळ्यांनी पाहिलेली पोरं सगळी भात उरकून नाचणीच्या लावणीला लागली होती. सर कोपऱ्यात बसले होते. मार्गदर्शकाला मत नाही, हाही नियम मीच घातला होता. का, तर मोठ्यांची लुडबूड नको!

आधी मैत्रिणीनं उभं राहून हजेरीचं कलम वाचून दाखवलं, मग मी उभी राहिले. मोबाईल काढून दाखवला, बघा, या दिवशी फोन, त्या दिवशी फोन. एक जण म्हणाला, "फोन दिसतोय. बोललं काय ते कुठं दिसतंय?" बरोबर होतं त्याचं. मग मी सांगितलं की तिसऱ्या सभेच्या वेळी मी चिटणिसाच्या शेतात, चिटणिसाच्या जागी, चिटणिसाची लावणी करत होते. आमची सावड होती. ती आमच्यात आली, मी तिच्यात गेले. तिच्या तोंडावर विचारलं, "सांग, होते का नव्हते?"

मला वाटलं, आता ती रडेल. माझी खात्री होती. माणूस कितीही बदललं तरी चिखलाला नाही म्हणत नाही, असं मला वाटायचं.

ती उठली. वही छातीशी धरलेली. म्हणाली, "आली होती. पण मजुरीनं आली होती. आमी त्या दिवशी लावणीला मजूर सांगितलं होतं, त्यात ही आली. मजुराला कोण ईचारतं, तुझी मीटिंग हाय का म्हणून?"

शहरातल्या माणसाला यात काय एवढं वाटणार नाही. मजुरीत कमीपणा कसला? काहीच नाही, माझ्या आईनं आयुष्यभर केलीय. पण सावडीच्या माणसाला मजूर म्हणणं म्हणजे, तू आमची कुणी नव्हतीस, असं चार लोकांत सांगणं. आमच्या खाचरात ती दिवसभर वाकली होती, ते मग काय होतं? तिची मजुरी आम्ही बुडवली का? मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या तोंडून शब्द फुटेना. अध्यक्षानं दोनदा विचारलं, "ताई, आणि काय मांडायचंय?" मी नाही म्हणून मान हलवली. सभासदत्व परत द्यावं का, यावर हात वर झाले, मोजले, मी पडले. सगळं घटनेप्रमाणं झालं, एक काना-मात्रा इकडची तिकडं नाही.

खोली सोडायच्या दिवशी वडील आले. पाय धड झाला नव्हता, तरी ओळखीच्या दुधाच्या टेम्पोत बसून आले आणि खालीच थांबले, जिना चढवेना. त्यांना मी सगळं सांगितलं होतं, 'मजुरी' हा शब्द सोडून. तो सांगायची हिंमत झाली नाही. ते एवढंच म्हणाले, "चल. शेवटच्या गाडीच्या आत नसरापूर गाठू." त्या वर्षी प्रॅक्टिकल बुडाली, परीक्षा बुडाली, आणि दिवाळीनंतर पावणे बघायला आले.

मी वर अंथरूण बांधत होते तेव्हा तिची मावसबहीण सामान घेऊन आली. मैत्रीण आली नव्हती. पोरगी लहानखुरी, तेलानं चोपलेले केस, डोळ्यांत भीती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्याकडं बघितल्यावर कळत होतं. तिनं आपणहून माझ्या वळकटीचं दुसरं टोक धरलं, दोरी आवळायला लागली. मग भिंतीवर लावलेले खोलीचे नियम वाचत उभी राहिली.

"ताई, लई नियम हायेत की! माझ्याच्यानं पाळणं व्हईल का? एखादा चुकून मोडला, सभा चुकली, तर काढत्यात का वो?"

मी म्हटलं, "काढतात. म्हणून एक कर. काहीही कळवायचं असलं तर कागदावर लिहून दे, आणि खाली चिटणिसाची सही घे. तोंडी सांगू नको."

ती हसली. अगदी मनापासून, मी चेष्टा केल्यासारखी. म्हणाली, "चिटणीस तर आमची ताईच हाय की! तिची कशाला सही घिऊ? मी सांगितलं आन् तिनं ऐकलं, झालं."

मी वळकटी खांद्यावर घेतली. म्हटलं, "व्हय गं बाई. मीबी असंच म्हणत होते."